ट्यूबचा वॉशर आणि कॉम्प्रेसरची हवा

जिंतुरातून परभणीकडे निघा नाहीतर जालन्याकडे, रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर दिसणारच. अशा कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक गळू लागला की हमखास इलाज एकच: जुन्या ट्यूबचा तुकडा कात्रीने गोल कापायचा, मधे भोक पाडायचं आणि बसवून टाकायचा. ट्यूब हवा धरते, मग तिचा वॉशर का नाही धरणार?

बिनतोड वाटतं खरं. मोटारीच्या ट्यूबा बहुधा ब्युटाइल रबराच्या असतात आणि हवा झिरपू न देण्यात ब्युटाइलचा हात दुसरं रबर क्वचितच धरतं. पण चाकातल्या हवेत तेल जवळजवळ नसतं. कॉम्प्रेसरमध्ये सिलिंडरमधलं तेल हवेबरोबर तुषार होऊन टाकीत उतरतं आणि पाण्यासोबत नेमकं त्या ड्रेन कॉकपाशी साचतं. खनिज तेलात ब्युटाइल फुगतं, मऊ पडतं आणि दाबाखाली कडेने बाहेर येतं. पटत नसेल तर एकाच ट्यूबचे दोन सारखे तुकडे कापा, एक कॉम्प्रेसरच्या तेलात दोन-तीन दिवस बुडवा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. या जागी लागतं ते नायट्राइल. खनिज तेलाला ते दाद देत नाही, साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं आणि महागही नाही.

असे आणखीही काही समज ऐकू येतात. ‘काळं रबर ते काळं रबर.’ ईपीडीएम आणि नायट्राइल ही दोन वेगळी रबरं, पण दिसायला सारखीच काळी. ईपीडीएम ऊन, वाफ, ब्रेक ऑइल सगळं सोसतं, पण खनिज तेलात त्याची गत ट्यूबसारखीच होते. रंगावरही जाऊ नये. तपकिरी रिंग बऱ्याचदा वायटन या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराची निघते, पण तसा नियम कुठेच नाही. दुकानदाराला मापाबरोबर मटेरियलही विचारा.

‘जितकं आवळाल तितकं चांगलं.’ ओ-रिंग, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारी गोल रबरी कडी, आवळण्याने हवा अडवत नाही, निदान पूर्णपणे नाही. खाचेत ती थोडीशीच दाबलेली असते, जाडीच्या साधारण 10 ते 30 टक्के. पुढचं काम हवेचा दाबच करतो: रिंगला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर रेटतो आणि फट बुजवतो. दाब वाढला की पकडही वाढते. हवेच्या ब्रेकवर आयुष्य घालवलेल्या नील्स क्रिस्टेन्सन यांनी 1937 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच रचनेसाठी. खाच रिंगेपेक्षा रुंद का, याचं उत्तरही यातच आहे. मधे जास्तीचं रबर कोंबून ती ‘भरून काढणं’ म्हणजे रिंगेला हलायची जागाच न ठेवणं. फार आवळलेली रिंग उष्णतेत कायमची चपटी होते. काढून हातात घेतली की एका बाजूला सपाट लागते, ती फेकायचीच.

‘सिलिंडरमधली हवाही रबरच अडवतं.’ नाही. तिथे पिस्टनच्या रिंगा असतात, बहुधा बिडाच्या, कारण तिथलं तापमान रबराला झेपणारं नाही. मे महिन्यात जिंतुरात पारा 42च्या आसपास असताना तीच हवा एका टप्प्यात 8 बारपर्यंत दाबली, तर हिशेबाने तिचं तापमान 300 अंशांच्या आसपास जातं. दोन टप्प्यांत दाबून मधे गार केली तर 150च्या घरात. सिलिंडरच्या पंखांमुळे प्रत्यक्षात ते काहीसं कमी भरतं. तरी हेडपासून टाकीकडे जाणाऱ्या गरम नळीजवळ, विशेषतः उलटी हवा रोखणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, नायट्राइल कडक होऊन तडकतं. सुमारे 200 अंश सोसणाऱ्या वायटनचे पैसे मोजायचे ते इथे. थंड टोकाच्या ड्रेन कॉकला वायटन म्हणजे उधळपट्टी.

आणखी एक, बाजारातच दिसणारं: ओ-रिंगांच्या माळा दुकानाच्या दारात खिळ्याला टांगलेल्या असतात. ऊन आणि हवेतला ओझोन नायट्राइलला चिरा पाडतात, आणि ताणलेल्या भागावर आधी. खिळ्यावर टेकलेली जागा नखाने वाकवून बघा, बारीक आडव्या रेषा दिसल्या तर ती रिंग घेऊ नका. पिशवीत बंद, सावलीत ठेवलेली मागा. बदलण्याआधी टाकीतली हवा पूर्ण सोडा, काटा शून्यावर येऊ द्या. नवी रिंग कॉम्प्रेसरच्याच तेलाचा हात लावून बसवा आणि मग साबणाच्या पाण्याने सांधा तपासा: 7 बारला 1 मिलिमीटरच्या भोकातूनसुद्धा सेकंदाला लिटरभराहून जास्त हवा निसटते, मोटर तेवढी जास्त चालते आणि ते बिलात येतं.