मार्सेय : सागराकडे उघडणारें दार

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या एका अरुंद खाडीभोंवतीं मार्सेय हें नगर वसलें आहे. आपल्याकडील जुन्या लिखाणांत त्याचें नांव मार्सेल्स असें आढळतें. लोकसंख्येनें हें फ्रान्समधील दुसरें नगर होय. या बंदराचा इतिहास म्हणजे एका दाराचा इतिहास आहे. तें दार कोणासाठीं उघडलें आणि कोणासाठीं मिटलें, याचा विचार केल्यास त्या नगराचें बरेवाईट दिवस सहज ध्यानांत येतात.

इ. स. पूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकिया नगरींतले ग्रीक दर्यावर्दी येथें उतरले. दंतकथा अशी कीं, त्या दिवशीं स्थानिक राजाची कन्या जिप्टिस हिचा विवाह ठरावयाचा होता. ज्याच्या हातीं ती पाण्याचा प्याला देईल तो तिचा पति, असा तेथील रिवाज होता. आपल्या स्वयंवराचाच तो प्रकार! जमलेल्या साऱ्या स्वकीयांस वगळून तिनें तो प्याला परक्या प्रोटिसच्या हातीं दिला. कथा खरी असो वा नसो, मस्सालिया ही ग्रीक वसाहत मात्र खरी आहे. येथूनच पिथियस नांवाचा धाडसी प्रवासी इ. स. पूर्वी चौथ्या शतकांत ब्रिटनपर्यंत जाऊन आला. पुढें रोममधील यादवींत नगरानें सीझरविरुद्ध पक्ष घेतला, म्हणून इ. स. पूर्वी ४९ मध्यें त्यानें वेढा घालून तें जिंकलें.

बंदराच्या दारांतून धन येतें, तसें संकटहि येतें. पूर्वेकडील जहाजांनीं कांहीं दिवस वेगळें राहावें व त्यांवरील माल हवेवर टाकावा, असा मार्सेयचा कडक नियम होता. इ. स. १७२० च्या मे महिन्यांत लेव्हांटकडून 'ग्रां सांत-आंत्वान' हें जहाज कापड घेऊन आलें. वाटेंत त्यावरील अनेक माणसें दगावलीं होतीं. परंतु बोकेरची मोठी जत्रा तोंडावर आलेली, व्यापाऱ्यांस घाई, आणि नगराच्या एका प्रमुख अधिकाऱ्याचाच त्या मालांत हिस्सा! नियम सैल झाला आणि प्लेग नगरांत शिरला. सुमारें नव्वद हजार वस्तीपैकीं जवळजवळ निम्मीं माणसें मृत्युमुखीं पडलीं. बिशप बेलझन्स मात्र नगर न सोडतां रोग्यांची विचारपूस करीत राहिले.

इ. स. १७९२ मध्यें येथील स्वयंसेवक एक नवें रणगीत गात पॅरिसला गेले. तें रचलें गेलें स्ट्रासबुर्ग येथें. परंतु गाणाऱ्यांच्या गांवावरून त्याचें नांव 'मार्सेयेज' पडलें व पुढें तेंच फ्रान्सचें राष्ट्रगीत झालें. इ. स. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला होतांच मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींचा हा महत्त्वाचा थांबा बनला.

महाराष्ट्राला हें नगर स्मरतें तें मात्र ८ जुलै १९१० या दिवसामुळें. 'मोरिया' बोटीवरून कैदी म्हणून हिंदुस्थानांत आणले जात असतां विनायक दामोदर सावरकरांनीं येथें समुद्रांत उडी घेतली व पोहून ते धक्क्यावर पोहोंचले. परक्या भूमीवर पाऊल पडल्यावर आश्रय मिळेल, ही त्यांची अपेक्षा होती. परंतु फ्रेंच शिपायानेंच त्यांस धरून इंग्रजांच्या हवालीं केलें. हेग येथील लवादानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल दिला कीं, स्वाधीन करण्याच्या रीतींत दोष घडला. तथापि कैद्यास परत करण्याचें बंधन इंग्लंडवर नाहीं. दोष मान्य झाला, परंतु कैद्याला त्याचा उपयोग झाला नाहीं.

इ. स. १९४३ मध्यें जर्मनांनीं जुन्या बंदराच्या उत्तरेकडील वस्ती हजारो रहिवाशांस हांकून देऊन सुरुंगानें उडविली. तो भाग पुन्हां बांधला गेला. आज मोठीं मालवाहू जहाजें पश्चिमेस फॉस येथें लागतात. जुन्या खाडींत शिडाच्या नौका डोलतात आणि सकाळीं धक्क्यावर मासळी विकली जाते. १७२० मध्यें जेथें अडवावयाचें तेथें लोभानें वाट दिली. १९१० मध्यें जेथें विचारपूस करावयाची तेथें घाईनें हात धरला. बंदराचा नियम कागदावर किती चोख आहे, यापेक्षां धक्क्यावर उभा असलेला माणूस तो कसा पाळतो, यालाच अधिक महत्त्व आहे, हेंच मार्सेयचा इतिहास सांगतो.