अब्बांचं अडेनियम

आमच्या दुसरबीडच्या घराच्या ओट्यावर, उथळ मातीच्या कुंडीत एक झाड आहे. उंची जेमतेम दीड फूट. बुंधा खाली रताळ्यासारखा फुगलेला, मुळं कुंडीच्या वर येऊन बोटांसारखी पसरलेली. पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, ‘हे वडाचं बोन्साय का?’ मग गुलाबी फुलं दिसली की तो गोंधळतो. हे अडेनियम. नर्सरीवाले ‘डेझर्ट रोज’ म्हणून विकतात, पण गुलाबाशी त्याचं काहीही नातं नाही. नातं आहे ते आपल्या कण्हेरीशी. फूल नीट पाहिलं की लगेच पटतं.

माझ्या मरहूम अब्बांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर हे झाड जालन्याच्या एका नर्सरीतून आणलं, तेव्हा ते करंगळीएवढं होतं. अब्बांना बागकामाचं काही शिक्षण नव्हतं. सकाळी फजरनंतर चहाचा कप घेऊन कुंडीसमोर बसायचे आणि नुसतं बघायचे. कधी एखादी फांदी सुतळीने खाली ओढून बांधायचे. वर्षातून एकदा झाड उपटून मुळं कापायचे, आणि अम्मी ओरडायची, ‘मारून टाकाल बिचाऱ्याला!’ झाड मात्र दरवर्षी आणखी जाड व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस अब्बा गेले. अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस, आणि नेमका सगळा पावसाळा त्यात आला. घराबाहेर पाऊल नाही, मग तिने अब्बांची कुंडी ओट्यावर आपल्या वुजूच्या जागेजवळ ओढून घेतली. पाच वेळचा वुजू, आणि तेवढ्याच वेळा कुंडीत ओंजळभर पाणी. पाणी वाया जात नाही, झाडाचीही सोय होते, असा तिचा हिशेब. खरं म्हणजे तिला त्या झाडाशी बोलायचं होतं.

नोव्हेंबरमध्ये मी माहेरी आले तेव्हा पानं पिवळी पडून गळत होती. मला वाटलं थंडीची सुरुवात आहे, गळतातच. सहज बुंध्याला अंगठा लावला तर तो आत गेला. पिकलेल्या पपईसारखा. कुबट वासही येत होता. भाऊ म्हणाला, ‘गेलं हे, फेकून देऊ.’ अम्मी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या पाण्याने झालं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढचं सांगण्याआधी हे झाड मुळात कुठलं ते सांगते, म्हणजे पाण्याने असं का झालं ते कळेल.

अडेनियमचं घर म्हणजे अरबस्तानाचा दक्षिण-पश्चिम भाग आणि समुद्रापलीकडची आफ्रिका. ‘अडेनियम’ या नावातच यमनचं अदन आहे. यमनच्याच ताब्यातल्या सोकोत्रा बेटावर ही झाडं उघड्या खडकाच्या फटीत उभी असतात, खाली पोतं भरल्यासारखा बुंधा आणि वर मूठभर फांद्या. पाऊस आला की त्या बुंध्यात पाणी साठवायचं आणि मग महिनोन्‌महिने त्यावर काढायचे, अशी त्यांची राहणी. ज्याची टाकी आधीच भरलेली आहे त्याला आपण रोज पाच वेळा पाणी पाजलं!

या झाडाची शास्त्रीय नोंद कशी झाली, ती हकीकत मला फार आवडते, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. 1761 मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी काही विद्वान पाठवले. त्यातला पीटर फोर्स्कल हा वनस्पतींचा जाणकार. यमनच्या डोंगरांत फिरून त्याने शेकडो झाडांच्या नोंदी केल्या, आणि 1763 च्या जुलैमध्ये तिथेच यरीम गावी हिवतापाने गेला. उरलेले लोक मोखा बंदरातून मुंबईच्या जहाजावर चढले, पण त्यातले दोघे वाटेत समुद्रावरच वारले. मुंबईला पोचलेल्यांपैकी डॉक्टरही 1764 मध्ये मुंबईतच मरण पावला. एकटा कार्स्टन नीबुर उरला. तो वर्षभराहून अधिक काळ मुंबईत राहिला, घारापुरीची लेणी बघून त्यांची चित्रं काढली, आणि पुढे इराण, इराकमार्गे खुश्कीने मायदेशी पोचला. 1775 मध्ये त्याने मेलेल्या सोबत्याच्या नोंदी पुस्तकरूपाने छापल्या. त्या पुस्तकात हे झाड कण्हेरीच्या कुळात घालून त्याला लॅटिनमध्ये ‘लठ्ठ’ अशा अर्थाचं नाव दिलेलं आहे. 1819 मध्ये त्याला कण्हेरीपासून वेगळं काढून अडेनियम म्हणू लागले, ‘लठ्ठ’ मात्र आजवर तसंच चिकटून आहे.

आता आपल्या बुलडाणा जिल्ह्याचं बघा. इथला एप्रिल-मेचा जाळ या झाडाला मानवतो. तेव्हा गावात सगळं करपलेलं असतं आणि हे फुलावर येतं. याला मानवत नाहीत त्या दोन गोष्टी, आपली काळी माती आणि आपला पावसाळा. काळी माती पाणी धरून बसते. कापसाला ते बरं, याला ते विष. अब्बांचं मिश्रण असं होतं: दोन वाटे चाळलेली जाड रेती, दोन वाटे वीटभट्टीवरून आणलेल्या विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक वाटा चांगलं कुजलेलं गांडूळखत आणि मूठभर लाकडी कोळशाचा चुरा. रेती आणि विटांची बारीक धूळ चाळून फेकायची, नाहीतर तीच खाली बसून भोकं बुजवते. वरून तांब्याभर पाणी ओतलं तर ते दोन-चार क्षणांत खालून निघालं पाहिजे. आणि पावसाळाभर कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात.

त्या दिवशी मी झाड कुंडीतून काढलं, मुळं धुतली. एका बाजूची मुळं काळी होऊन हातातच तुटली. स्वयंपाकघरातली धारदार सुरी गॅसवर तापवून गार केली आणि सडका भाग कापायला सुरुवात केली. आत तपकिरी, आणखी आत तपकिरी. बटाट्यासारखा पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत थांबायचं नाही, हा नियम. तपकिरी ठिपकाएवढा जरी राहिला तरी सड पुन्हा चढते. प्रत्येक कापानंतर सुरी पुसत होते. शेवटी बुंध्याचा जवळपास अर्धा भाग गेला. अब्बांनी इतकी वर्षं वाढवलेला अर्धा बुंधा परातीत पडला होता. दारात येऊन उभी राहिलेली अम्मी ते बघत होती. म्हणाली, ‘बेटा, उरलेलं पुरे आहे का?’ मला खरंच माहीत नव्हतं.

जखमेवर बुरशीनाशक पावडर लावली. (गावात न मिळाल्यास हळद लावतात, पण मी कृषी केंद्रातून पावडरच आणली.) उरलेल्या फांद्या निम्म्या छाटल्या, म्हणजे कमी मुळांवर भार नको. मग झाड दोरीने उलटं बांधून पडवीत सावलीला टांगलं. पंधरा दिवस. शेजारणी विचारायच्या, ‘हे काय, लसूण वाळवताय का?’ जखम वरून चामड्यासारखी कोरडी झाली तेव्हा कोरड्या मिश्रणात लावलं आणि आठवडाभर पाण्याचा थेंब दिला नाही. पुढे सगळा हिवाळा वीसेक दिवसांनी एकदा अर्धा पेला. हिवाळ्यात अडेनियम झोपतं. पानं झडतात, काठी उरते आणि घरोघरी चांगली झाडं ‘मेली’ म्हणून उकिरड्यावर जातात. फेकण्याआधी बुंधा दाबून बघत जा. दगडासारखा घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. उन्हाळ्यात बुंधा किंचित मऊ आणि सुरकुतलेला लागला तर तहान, पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत भरतो. माती ओली असूनही मऊ लागला आणि वास आला, तर सड. हा फरक तेवढा ओळखता आला की अर्धं काम झालं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका फांदीच्या टोकाला मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. अम्मीने मला फोनवर सांगितलं. आवाजावरून आधी मला वाटलं घरात कुणाला मूल झालं.

आता आकार देण्याविषयी, कारण ‘अब्बा नेमकं काय करायचे’ हेच लोक विचारतात.

झाड बियांपासून केलेलं असावं. फांदी लावूनही अडेनियम जगतं, पण त्याला असा गोलमटोल बुंधा क्वचितच येतो. मोठ्या बुंध्यावर वेगळ्या रंगाच्या फुलांचं कलम केलेली झाडं दुकानात दिमाखदार दिसतात. घ्यायची तर घ्या, पण घडवण्याचा आनंद लहान रोपातच आहे. निळ्या अडेनियमच्या बिया विकणाऱ्या जाहिरातींना मात्र भुलू नका. निळं अडेनियम नसतंच. फसलेल्या दोघी माझ्याच ओळखीत आहेत.

रोप वर्षाचं झालं की फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या दरम्यान, कोरड्या उन्हाच्या दिवसांत उपटायचं. सरळ खाली जाणारं मुख्य मूळ कापायचं, म्हणजे बाजूची मुळं जाड होतात. कापलेलं झाड आठवडाभर सावलीत सुकवायचं. मग लावताना बुंध्याखाली एक चपटी फरशी किंवा जुनी बशी ठेवून मुळं तिच्यावर चहूबाजूंनी पसरायची. दर एक-दोन वर्षांनी कुंडी बदलताना झाड बोटभर वर उचलून लावायचं. पूर्वी मातीत असलेली मुळं अशी हळूहळू उघडी पडतात, आणि उघडी पडली की जाड होतात. बोन्सायवाले जे कौतुकाने बघतात ते हेच.

फांद्यांची छाटणीही याच दिवसांत. फूल फांदीच्या टोकाला येतं, त्यामुळे जितकी टोकं तितकी फुलं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर कापायचं, म्हणजे नवी फांदी बाहेर जाते, आत गर्दी करत नाही. तार गुंडाळायची तर मऊ अ‍ॅल्युमिनियमची आणि कोवळ्या फांदीवरच. हे लाकडाचं नाही, गराचं झाड आहे. तार काही आठवड्यांत रुतते आणि खूण कायमची राहते. अब्बांची सुतळी त्यापेक्षा बरी.

याला खरं बोन्साय म्हणावं का, यावर जाणकारांत वाद आहे. त्यात मी पडत नाही. पण एका खाला झाडाला खुजं करणं म्हणजे जुलूम नाही का, असं विचारून गेल्या. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मला वाटतं, उपाशी ठेवून झाड बुटकं राखणं वेगळं. अडेनियम स्वभावानेच जाड आणि बसकं आहे. आपण मुळं वर काढून ते दाखवतो, इतकंच.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मनावर घ्यावी. या झाडाचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत शिकारी तो बाणांना लावत आले आहेत, आणि त्याचा मार थेट हृदयावर बसतो. छाटणी करताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, नंतर साबणाने हात आणि सुरी धुवा. ती सुरी पुन्हा भाजीला नको. मी त्या दिवशी वापरलेली सुरी आता झाडांचीच झाली. रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. आणि बकरी ईदच्या आधी बकरा दारात बांधतो तेव्हा तर आधी कुंडी हलवा. बकरी कण्हेरीला तोंड लावत नाही म्हणतात, पण भुकेल्या जनावराचा भरवसा कुणी द्यावा? गंमत म्हणजे एक हिरवी, जाडजूड अळी ही विषारी पानं बिनधास्त फस्त करते. कण्हेरीवर येते तीच. एका रात्रीत फांदी बोडकी होते. संध्याकाळी पानांच्या खालून बघून हाताने वेचणं पुरतं. उन्हाळ्यात पानांवर बारीक जाळं आणि फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा मारा, सकाळीच, म्हणजे दिवसभरात वाळेल.

कापलेल्या बाजूला अब्बांच्या झाडाला आता एक खळगा आहे, वाटीएवढा. त्याची कड भरून येऊन गुळगुळीत झाली आहे. मी कुंडी फिरवून तो भिंतीकडे केला होता. पुढच्या वेळी आले तर तो पुन्हा अंगणाकडे. अम्मीने फिरवला होता. तिथूनच दोन नव्या मुळ्या खाली उतरताहेत, त्यांना ऊन लागायला हवं, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे ते.

वुजूचं पाणी आता अम्मी बादलीत साठवून कढीपत्त्याला आणि मेंदीला घालते. अडेनियमला देण्याआधी मातीत बोट खुपसून बघते. उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी पाळी येते, तेव्हा खालून निघेपर्यंत भरपूर देते. गेल्या उन्हाळ्यात एका फुलामागे जोडशिंगांसारख्या शेंगा धरल्या. पिकल्या की त्या तडकतात आणि दोन्ही टोकांना कापसाचे झुबके असलेल्या बिया वाऱ्यावर निघून जातात, म्हणून अम्मीने दोन्ही शेंगांना दोरा गुंडाळून ठेवला होता. ताज्या बिया लगेच रेतीत आडव्या पेरल्या. आठवड्याभरात बऱ्याचशा उगवल्या. आज पत्र्याखाली चहाच्या कपांमध्ये अकरा रोपं आहेत. तीन शेजारणींनी आधीच सांगून ठेवली आहेत.

यंदा थोरल्या झाडाची कुंडी बदलायची आहे. बोटभर आणखी वर उचलायचंय आणि त्या दोन मुळ्या बशीवर पसरायच्यात. पण रमजान नेमका याच दिवसांत आला आहे. रोजा ठेवून ते काम नको, म्हणते अम्मी. ईद झाली की मी जाणार आहे. येताना जालन्याहून एक उथळ, रुंद कुंडी घेऊन ये, खाली भोकं मोठी बघ, असा तिचा निरोप आहे.