अंगठा उठवण्यापूर्वी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "ऑनलाइन चर्चेत दुसऱ्याच्या म्हणण्याला मत देण्याचा काही शिष्टाचार असतो का? की पटलं तर अंगठा वर, नाही पटलं तर खाली, एवढंच?" प्रश्न दिसायला लहान आहे. पण तो आम्हाला टोचला, आणि का टोचला ते आधी सांगून टाकतो.

आमची इमारत शीव कोळीवाड्यातली. पुनर्विकासाची बोलणी चालू होती, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "बिल्डरने मधेच भाडं थांबवलं तर आपण जायचं कुठे? बँक गॅरंटी किती घ्यायची ते आधी ठरवा." दहा मिनिटांत खाली वळलेल्या अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा आमचाही होता. का? तर हे गृहस्थ प्रत्येक सभेत काहीतरी खोड काढतात, म्हणून. त्यांचा प्रश्न आम्ही धड वाचलासुद्धा नव्हता. उत्तर कोणीच दिलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी ग्रुपवर लिहिणं सोडलं. पुढे भाडं खरोखरच रखडलं आणि आम्ही सगळे कराराची पानं उलटू लागलो, तेव्हा तो प्रश्न आठवला.

पूर्वी ज्याला वाचता येत नसे तो कागदावर अंगठा उठवायचा. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि न वाचता अंगठा उठवला.

आता बघा, चूक नेमकी कुठे झाली? कोणाच्या म्हणण्याला मत देताना तीन वेगळे प्रश्न आपल्या मनात एकमेकांत गुंततात. पहिला, हे मला पटतं का? दुसरा, हे चर्चेला उपयोगी आहे का? तिसरा, हा माणूस मला आवडतो का? अंगठा एकच, त्यामुळे तिन्हींचं उत्तर आपण एकदमच देऊन टाकतो. पण त्या अंगठ्याने प्रत्यक्षात काय होतं, याचा विचार करा. वरच्या अंगठ्याने ते म्हणणं चार लोकांच्या नजरेत येतं, खालच्याने ते मागे पडतं आणि बोलणारा गप्प होतो. म्हणजे इतरांनी हे ऐकावं की नाही, एवढंच आपण ठरवत असतो. तेव्हा मत द्यायचं ते दुसऱ्या प्रश्नावर. पटणं न पटणं शब्दांत सांगावं. तिसरा प्रश्न घरी ठेवावा.

आपल्याकडे चर्चेचं शास्त्र जुनं आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून केलेली चर्चा म्हणजे वाद. हा शब्द आपण आज भांडणासाठी वापरतो, पण मूळचा तो सन्मानाचा आहे. जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं म्हणजे वितंडा. आता कारण न देता खाली वळवलेला अंगठा यांपैकी कशात बसतो? वितंडवादी निदान तोंड तरी उघडतो. आपण तेवढेही कष्ट घेत नाही.

मग न पटलेल्या म्हणण्याचं करायचं काय? याचं फार चांगलं उदाहरण आपल्या संविधानसभेत आहे. 15 नोव्हेंबर 1948 रोजी प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती मांडली, की पहिल्या कलमातच भारताला धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक आणि समाजवादी म्हणावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ती मान्य नव्हती. पण नुसतं "नाही" म्हणून ते मोकळे झाले नाहीत. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, संविधानाने आधीच बांधून ठेवायचं नाही, असं एक कारण त्यांनी दिलं. आणि या दुरुस्तीतला आर्थिक आशय मार्गदर्शक तत्त्वांत आलेलाच आहे, हे दुसरं. आधी कारणं, मग मतदान. दुरुस्ती फेटाळली गेली. पण शहांचं म्हणणं कामकाजात शब्दन् शब्द नोंदलेलं राहिलं. त्यांतले 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे दोन शब्द 1976 मध्ये 42व्या दुरुस्तीने उद्देशिकेत आले. ते यायला हवे होते की नव्हते, यावर आजही दोन मतं आहेत, ती असू द्या. आमचा मुद्दा एवढाच, की मतदानाने त्या दिवसाचा निर्णय होतो, विचार निकालात निघत नाही. म्हणून हरलेलं म्हणणंही वाचता येईल असं राहिलं पाहिजे.

याच सभेत 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी समारोपाचं भाषण केलं. संविधानाच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडे त्याच भाषणातले. इतक्या दुरुस्त्यांना तोंड देणारा माणूस वैतागला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी मात्र कामथ, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू अशा पक्षशिस्त न मानणाऱ्या सभासदांची नावं घेऊन आभार मानले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असा त्या बोलण्याचा आशय होता. आजच्या भाषेत सांगायचं तर, मत विरोधात आणि अंगठा वर! आम्हाला विचाराल तर सगळा शिष्टाचार यात आला.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक आठवण करून दिली. मतमोजणी आणि गुप्त मतदान हे आपल्याला परके नाहीत, बौद्ध भिक्षुसंघाला ते ठाऊक होते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात याची पद्धत दिली आहे. तंटा मिटेना तर काड्या वाटायच्या, त्यांना शलाका म्हणत, आणि ज्या बाजूला काड्या जास्त तिकडे निर्णय. मत घेण्याचे प्रकार तीन: गुप्त, कानात सांगून आणि उघड. आणि मतदान कधी अयोग्य ठरतं, तेही नोंदलेलं आहे. बाब क्षुल्लक असेल तर, संघ समग्र नसेल तर, मतदानाने संघ फुटणार हे दिसत असेल तर, आणि काडी घेणाऱ्याने स्वतःला जे पटतं त्याप्रमाणे ती घेतली नसेल तर. बाजूला वेगळा ग्रुप करून "चला रे, याला खाली पाडू" म्हणणाऱ्यांनी शेवटचं कलम दोनदा वाचावं.

काही गोष्टी मताला टाकूच नयेत, हे संविधानसभेलाही जाणवलं होतं. 17 ऑक्टोबर 1949 रोजी कामथांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी असं सुचवलं. ईश्वरावर मत देण्याच्या संकटात आम्हाला टाकू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरी मतदान झालं. बाजूने 41, विरोधात 68. आता सांगा, त्या आकड्यांवरून ईश्वराबद्दल काय कळलं? सभागृहाची इच्छा कळली, बस्स. कोणाची श्रद्धा, कोणाचं दुःख, कोणाच्या घरातला मृत्यू यांवर अंगठे मोजायचे नसतात. वस्तुस्थितीवरही नाही. भाडं थांबू शकतं की नाही, हे आमच्या ग्रुपच्या बहुमताने थोडंच ठरणार होतं?

शलाका वाटणारा भिक्षू कसा असावा, तेही सांगितलं आहे. छंद, द्वेष, मोह आणि भय या चारांमुळे जो वाकड्या वाटेने जात नाही, असा. आज प्रत्येकाच्या हातात काड्या आहेत, म्हणून ही कसोटी प्रत्येकाला लागू. छंद म्हणजे आपल्या माणसाची ओढ: मित्राने लिहिलंय म्हणून वर. द्वेष म्हणजे हा पुन्हा आला म्हणून खाली. मोह म्हणजे न वाचता, न समजता. भय म्हणजे सगळ्यांनी खाली केलंय, आपण वर केलं तर काय म्हणतील. त्या दिवशी आमच्या अंगठ्यात द्वेष होता, मोह होता, आणि थोडं भयही होतं. चारांपैकी तीन!

खालचा अंगठा वापरूच नये, असं मात्र आम्ही म्हणत नाही. शिवीगाळ, जाणूनबुजून पसरवलेली खोटी माहिती, विषय भलतीकडे नेणं, यांसाठी तो जरूर वापरावा. न पटलेल्या मुद्द्याला मात्र एक ओळीचं उत्तर द्यावं. उत्तर सुचत नसेल तर थांबावं. कदाचित समोरच्याचं बरोबर असेल.

तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांना आम्ही नंतर फोन केला आणि म्हटलं, तुमचा प्रश्न योग्य होता, आमचं चुकलं. ते म्हणाले, "सर, मला अंगठ्यांचं काही नाही. पण तेव्हा कोणी एकाने जरी विचारलं असतं, की गॅरंटी किती घ्यावी, तर माझ्याकडे आकडा तयार होता."