वरचा कीबोर्ड, खालचा कीबोर्ड

सकाळी 7.00

पेटीवर अलंकार आणि पलटे. कार्यक्रम कीबोर्डचा असला तरी दिवस पेटीनेच सुरू होतो. आमच्याकडचे बरेचसे कीबोर्डवाले पेटीवरूनच या वाद्याकडे आले. पेटीने आम्हाला एक देणगी दिली आणि एक खोड लावली. देणगी ही, की उजवा हात एकटा अख्खं गाणं बोलून दाखवतो. खोड ही, की भाता मारण्यापलीकडे आपल्याला काही काम असतं याचा डाव्या हाताला पत्ताच नसतो.

कार्यक्रमाला एक कीबोर्ड न्यायचा की दोन, हा वाद वादक जमले की हमखास रंगतो. टोन कुणाचे चांगले, किंमत किती, गाडीत मावेल का, असं सगळं निघतं. माझं म्हणणं एवढंच, की हा डाव्या हाताचा प्रश्न आहे. त्या हाताला गाण्यात काय करायचंय हे ठरलं, की बाकीचं आपोआप ठरतं.

सकाळी 8.00

चहा आणि यादी. आज संध्याकाळी साडेपाचला जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा प्रयोग आहे, वीसेक गाणी. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, ठेका, पीसमध्ये लागणारे आवाज, आणि शेवटी एक खूण: ‘म’ किंवा ‘ए’.

‘म’ म्हणजे आवाज एकामागून एक येतात. सुरुवातीला संतूर, पहिल्या अंतऱ्याआधी बासरी, दुसऱ्याआधी व्हायोलिन. मधल्या काळात गायक गात असतो, बटण दाबायला सवड असते. ‘ए’ म्हणजे एकदम. स्ट्रिंग्जची कॉर्ड खाली धरलेली आहे आणि तिच्यावर बासरी मींड घेत उतरते आहे. भावगीत म्हटलं की असली जागा एखादी तरी निघतेच.

‘म’च्या गाण्यांना एक कीबोर्ड भरपूर झाला. आजच्या यादीत ‘ए’ निम्म्याहून जास्त आहेत. दोन न्यायचे.

सकाळी 9.00

तरी एकावर भागतंय का, हे एकदा पडताळून बघतो. 61 पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं आणि वर एक पट्टी. स्प्लिट केला तर डावीकडची दोन सप्तकं स्ट्रिंग्जना आणि उरलेली तीन बासरीला. हिशेब बरोबर सुटतो. अडचण वाजवताना येते.

बासरीची मींड पिच बेंडवर काढावी लागते. तो नेहमी कीबोर्डच्या डाव्या टोकाला असतो: रोलंडला लिव्हर, यामाहाला चाक. सहसा तो दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वर वाकवतो, म्हणजे ‘रे’वरून ‘सा’पर्यंतची मींड त्यात आरामात बसते. पण त्यासाठी डावा हात कॉर्ड सोडून तिकडे जायला हवा. कॉर्ड सुटली की स्ट्रिंग्ज गप्प आणि बासरी एकटी पडते. सस्टेन पेडल दाबून कॉर्ड धरून ठेवावी, तर तेच पेडल बासरीलाही लागतं. मग बासरीचे सगळे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. वर बेंड ओढला की स्ट्रिंग्जही बासरीबरोबर खाली घसरतात.

चांगल्या वर्कस्टेशनवर यावर उपाय आहे. पेडल फक्त खालच्या झोनला, बेंड फक्त वरच्या झोनला, अशी वाटणी करता येते. मात्र ती प्रत्येक गाण्यासाठी घरी बसून करावी लागते, आणि मंचावर गाणं बदललं की घरचा अभ्यास घरीच राहतो.

दोन कीबोर्ड असले की ही वाटणी करावीच लागत नाही. पेडल खालच्याला जोडलेलं. डाव्या हाताने कॉर्ड दाबायची, पायाने धरायची, मग हात वर नेऊन लिव्हर पकडायचा. खाली स्ट्रिंग्ज जागच्या जागी, वर बासरी हवी तशी वाकते. पेटीवर भाता मारणाऱ्या हाताला इथे भात्यासारखंच काम मिळतं: सुरात जीव घालायचं.

सकाळी 10.30

बांधाबांध. खाली यामाहा मोडेक्स 8, 88 पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा. नुसतं वजन 13.8 किलो, केस वेगळी. वर रोलंड जूनो-डीएस 61, पाच किलोंच्या जरा वर. खालचा सव्वा मीटरहून लांब असल्याने रिक्षात बसत नाही. छोट्या गाडीत पुढची सीट आडवी करून घालावा लागतो, म्हणजे सोबत येणाऱ्याने दुसरं वाहन बघायचं. वरचा पाठीवर घेऊन दुचाकीवरसुद्धा जाता येतं. दोन कीबोर्डांच्या विरोधातला सगळ्यात खरा मुद्दा हाच आहे. नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावर तो जास्तच पटतो.

मग बाकीचं: दुमजली स्टँड, दोन पेडलं, वायरी, एक्स्टेंशन बोर्ड, आणि पेन्सिल सेलचा डबा. जूनो आठ सेलवर चालतो. मंचावरची लाइन ट्रिप झाली तर वरचा वाजत राहतो. मोडेक्स विजेशिवाय चालत नाही आणि पुन्हा सुरू होताना वेळ घेतो. शांत सभागृहात ते थांबणं फार लांब वाटतं.

दुपारी 12.30

जेवताना वाद्यवृंदातल्या ज्येष्ठ काकांचा फोन. आज दुसऱ्या बाजूला तेच आहेत. ते सगळे कार्यक्रम एकाच कॉर्गवर करतात.

“दोन आणतोयस ना? मग दोन्हीकडे बघत बस.”

“काका, तुमच्यासारखं पायाने पॅच बदलायला जमत नाही मला.”

“जमत नाही म्हणू नकोस, करत नाहीस म्हण.”

काकांची पद्धत साफ आहे. कार्यक्रमाच्या क्रमाने सगळे पॅच लावून ठेवायचे आणि फूटस्विच दाबत पुढे सरकायचं. हात पट्ट्यांवर, नजर गायकावर. जुन्या कीबोर्डांवर पॅच बदलला की वाजता सूर तुटायचा. नव्यांनी मागच्या टोनची शेपटी सांभाळायची सोय केली, त्यामुळे काकांचं काम आणखी सोपं झालं. क्रम पाळला गेला तर त्यांच्याइतकी स्वच्छ वाजवणी दोन कीबोर्डवाल्याला क्वचितच जमते. क्रम मोडला, मध्येच वन्स मोअर आला किंवा निवेदकाने दोन पानं उलटली, की त्यांना उलटे दाब देत मागे यावं लागतं.

दुपारी 2.30

नाट्यगृह. स्टँड उभा करताना घाई करायची नाही. खालचा कोपराच्या उंचीला, वरचा किंचित आपल्याकडे झुकलेला. दोघांत अंतर कमी ठेवलं तर हात पटकन वर जातो, पण खालच्याचा स्क्रीन वरच्याच्या सावलीत झाकला जातो आणि मनगट वरच्याच्या बुडाला घासतं. वरचा आणखी उचलला तर ढोलकीवाला दिसेनासा होतो. आमच्याकडे कट नजरेवर चालतो, त्यामुळे समोरचा दिसला नाही तर गाणं संपलंय हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. शेवटी वरचा चार बोटं मागे सरकवतो. स्क्रीनची अर्धीच ओळ दिसते, पण ढोलकीवाला पूर्ण दिसतो.

साउंडवाला वायर घेऊन येतो. “दादा, किती लाइन?”

“दोन. दोन्ही मोनो.”

“स्टिरिओ नको?”

“नको. वरचा वेगळा दे म्हणजे झालं.”

दोन कीबोर्ड स्टिरिओ घेतले की चार डीआय बॉक्स आणि चार चॅनेल जातात, आणि टोकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला एकच बाजू ऐकू येते. त्यापेक्षा प्रत्येकाचा लेफ्ट-मोनो जॅक बरा. खरा फायदा निराळाच आहे. एका कीबोर्डमधून स्ट्रिंग्ज आणि बासरी एकाच लाइनने गेल्या, तर साउंडवाल्याने बासरी वाढवली की स्ट्रिंग्जही वाढतात. दोन लाइन असल्या की तो नुसती बासरी उचलू शकतो.

दुपारी 3.30

साउंडचेक. आधी दोन्हीवर एकच स्ट्रिंग्ज पॅड लावून आवाज सारखा करून घेतो. एक कंपनी मोठ्याने बोलते, दुसरी हळू, आणि गाण्याच्या मध्यात खालून वर गेल्यावर आवाज उडी मारतो. मॉनिटरमध्ये घूं असा हम येतोय. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबल्यावर गेला.

तेवढ्यात गायिकाताई. घसा बसलाय.

“ते तिसरं जरा खाली घेऊ या का? काळी चार नाही झेपायची आज.”

“पांढरी पाच घेऊ, ताई.”

अर्धा स्वर खाली. ट्रान्सपोझचं बटण दाबलं की एका सेकंदाचं काम. पण दोन कीबोर्ड असले की ते दोन जागी दाबायचं आणि गाणं संपल्यावर दोन जागी काढायचं. एकाचं राहून गेलं तर स्ट्रिंग्ज काळी चारमध्ये आणि बासरी पांढरी पाचमध्ये, आणि ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून अर्ध्या स्वराचा फरक मी बोटांनी काढतो. बोटं काळी चारला सरावलेली आहेत, तर आता बसून ते दोन पीस पांढरी पाचमध्ये चार वेळा वाजवून ठेवायचे. फरक मोठा असला तरच बटण. तेव्हा यादीवर लाल पेनाने लिहायचं: दोन्ही.

संध्याकाळी 5.30

पडदा. पहिली तीन भावगीतं सरळ जातात. वरच्यावर मी मुद्दाम थोडेच टोन ठेवलेत: बासरी, ॲकॉर्डियन, संतूर, आणि एक बीनचा. ते ओळीने शेजारशेजारच्या बटणांवर आहेत, वाचावं लागत नाही. दोन कीबोर्ड आणून दोन्हीवर पॅचची जत्रा भरवली, तर काकांचं म्हणणं खरं ठरतं.

मग ‘नागिन’मधलं बीनचं गाणं. 1954च्या त्या चित्रपटाला संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली प्रसिद्ध बीन खरी बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर आणि रवींनी हार्मोनियमवर ती उभी केली होती. क्लॅव्हिओलिन हे छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य एका वेळी एकच सूर देई. परदेशात ते पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवून वाजवत: एक हात पियानोवर, दुसरा क्लॅव्हिओलिनवर. म्हणजे वर एक आणि खाली एक ही मांडणी सिंथेसायझरच्याही आधीची आहे.

इथे मी खालच्याला हातच लावत नाही. हार्मोनियमचं काम काकांकडे दिलंय. माझा उजवा हात बीनवर आणि डावा पूर्णवेळ लिव्हरवर. सूर लागल्यावर लगेच हलवायचा नाही. आधी सरळ ठेवायचा, मग अर्धा स्वर खालून आणायचा, तेव्हा नाग डोलतो. दोन माणसं असली की एका माणसाला दोन कीबोर्ड लागत नाहीत, हेही या गाण्याने कळतं.

संध्याकाळी 7.00

मध्यंतर. बटाटेवडा हातात पडेपर्यंत आयोजक येतात. प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचंय, शेवटून तिसरं गाणं आता पहिलं घ्या. काका चष्मा लावून पॅचचा क्रम हलवायला बसतात. मला काही हलवायचं नाही, माझ्या चारही टोनना क्रमच नाही. मी त्यांचा वडा सांभाळतो.

संध्याकाळी 7.20

पुढे आणलेलं गाणं ‘रूप तेरा मस्ताना’. ‘आराधना’, 1969. मूळ ध्वनिमुद्रणात ॲकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. हे हॅमर ॲक्शनवर वाजवून बघावं: पट्टी खाली जाऊन परत वर येईपर्यंत पुढचा सूर निघून गेलेला असतो. ॲकॉर्डियन, ऑर्गन, पेटी यांना हलकी पट्टी लागते. पियानोला जड लागते, नाहीतर हळू-जोर नीट येत नाही आणि सगळा पियानो एकाच आवाजात टकटकतो. टोन कितीही आत भरले तरी बोटाखालची पट्टी एकच असते. एकच घ्यायचा झाला तर 61चा हलका घ्या, असं मी नव्या मुलांना सांगतो. आपल्या गाण्यांत पियानोपेक्षा सुरेल एकेरी पीस जास्त येतात.

रात्री 8.45

भैरवी, टाळ्या, आवराआवर. आयोजकांचं पाकीट मिळालं. दोन कीबोर्ड आणले म्हणून त्यात काही वाढत नाही, हिशेब माणशी असतो. काका एक पिशवी खांद्याला लावून निघाले. मी अजून वायरी गुंडाळतोय.

“उद्या किती आणतोयस?” जाता जाता त्यांनी विचारलंच.

रात्री 10.30

उद्या सकाळी अभंगांचा कार्यक्रम आहे. पेटी बुवांची, पखवाज, टाळ, तबला. मला मागे स्वर धरून ठेवायचा आणि अंतऱ्याआधी बासरीची किंवा सतारीची जागा घ्यायची. यादीवर नजर टाकली. सगळी गाणी ‘म’. बासरी वाजते तेव्हा खालचा सूर तानपुऱ्याचं यंत्र सांभाळणार आहे, म्हणजे माझा डावा हात पहिल्यापासून मोकळा.

उद्या एकच. 61चा. दुचाकीवरून.