बंदीच्या लाकडाची ओकुया

जपानमधल्या एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या जुन्या नाकासेंदो मार्गावर मुक्कामाची ६९ गावं होती. त्यांतलं बेचाळिसावं त्सुमागो, किसोच्या खोऱ्यात. लवाजम्यासह निघालेला सरदार गावातल्या होंजिनमध्ये उतरे; तिथं जागा नसली की पाहुण्यांची सोय वाकी-होंजिनमध्ये होई. त्सुमागोत वाकी-होंजिनचा हा मान साके (तांदळाची दारू) बनवणाऱ्या हायाशी घराण्याकडे. त्यांच्या घराचं नाव ओकुया.

आज दिसते ती ओकुया मात्र १८७७ची. होंजिनची पद्धत १८७०मध्येच मोडीत निघालेली, सरदारही उरले नव्हते. पाहुणे निघून गेल्यावर पंगतीची ताटं मांडावीत, तसं झालं हे!

कारण लाकडात आहे. किसोचा हिनोकी हा सरूच्या कुळातला सुगंधी वृक्ष. इथल्या ओवारी सरदार घराण्याच्या सत्तेनं त्याच्यासह पाच जातींच्या तोडीवर बंदी घातली होती; एका झाडाला एक मुंडकं, असा हिशेब लोक सांगत. पिढ्यान्‌पिढ्या समोरचा डोंगर नुसता बघायचा. जुनी सत्ता गेली, बंदी उठली आणि हायाशींनी सगळं घर हिनोकीचं उभारलं, तेही किल्ल्यातल्या वाड्याच्या धाटणीचं. मला तरी यात ऐश्वर्यापेक्षा जुना वचपाच जास्त दिसतो.

१८८०मध्ये मेइजी सम्राट इथं विसावले. ते पाश्चात्त्य पोशाखात येणार, मांडी घालून कसे बसणार? म्हणून मुद्दाम टेबल बनवलं. शौचकूपही नवा बांधला. तो वापरलाच गेला नाही.

पुढं रेल्वे दुसरीकडून गेली आणि त्सुमागो ओस पडत चाललं. नवं बांधायला पैसा नाही म्हणून जुनं टिकलं. १९६८पासून घरांची डागडुजी सुरू झाली. १९७१मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही.

ओकुयात आता मुक्काम करता येत नाही, ते संग्रहालय आहे. पण इरोरी बघायलाच हवी. जमिनीत चौकोनी खळगा, त्यात विस्तव, वर टांगलेली किटली. बसायच्या जागा ठरलेल्या: घरधन्याची वेगळी, पाहुण्याची वेगळी, सुनेची सरपणाच्या बाजूला. (आपल्याकडच्या माजघरांना हे नवं नाही.) धुराड्याचा पत्ता नाही. धुरानं काळवंडलेले खांब पिढ्यान्‌पिढ्या फडक्यानं पुसून आरशासारखे झालेत. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की खिडकीच्या लाकडी गजांमधून ऊन आत येतं आणि त्या धुरात त्याचे तिरपे पट्टे उमटतात.