आज्ञेतले शब्द संगणक कसे ओळखतो?

कचारगड हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील गुहांचे ठिकाण. माघ पौर्णिमेला येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. समजा, सहलीनंतर विद्यार्थ्यांनी आपली टिपणे संगणकात उतरवली आणि फाइलला 'कचारगड गुहा' असे नाव दिले. फाइलमधील शब्द मोजणारा 'मोज' हा छोटा प्रोग्रॅमही त्यांनी लिहिला. आता आज्ञा द्यायची:

मोज -शब्द कचारगड गुहा

आपल्याला येथे एक फाइल दिसते, संगणकाला दोन! कारण युनिक्स किंवा लिनक्सवर ही ओळ प्रथम 'शेल'कडे जाते. मोकळी जागा दिसेल तेथे शेल ओळ तोडतो आणि तुकड्यांची यादी प्रोग्रॅमच्या हाती देतो. येथे तुकडे चार झाले. फाइलचे नाव अवतरणचिन्हांत घातले, की ते तीनच होतात.

तुकड्यांचा अर्थ लावणे हे मात्र प्रोग्रॅमचे काम. आडव्या रेघेने सुरू होणारा तुकडा म्हणजे सूचना, बाकीची फाइलची नावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. समजा, एका विद्यार्थ्याने 'मोज'मध्ये बदल सुचवला: तुकड्याचे पहिले चिन्ह रेघ असेल तर ती सूचना समजावी, नाव असेल तर ते दहा बाइटांच्या जागेत ठेवावे. बदल दोन ओळींचाच आहे. तो तपासताना आपण काय विचारू?

तुकडा रिकामा असेल तर? अवतरणचिन्हांत काहीच न लिहिता तसा तुकडा देता येतो. त्याला पहिले चिन्हच नसते. फाइलचेच नाव रेघेने सुरू होत असेल तर? अशा वेळी दोन जोडरेघांचा स्वतंत्र तुकडा लिहितात. त्याच्या पुढचे सारे तुकडे म्हणजे नावे. नव्या बदलाने हा संकेत मोडत नाही ना?

आणि दहा बाइट पुरतील का? 'कचारगड' या शब्दात काना धरून सहा चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १८. दहाव्या बाइटवर छाटले तर 'र' मधोमध तुटेल. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिच्या प्रत्येक चिन्हाला तर चार बाइट लागतात.

असे प्रश्न विचारायचे राहिले तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे 'सुडो'. साध्या वापरकर्त्याला ठरावीक कामापुरते व्यवस्थापकाचे अधिकार देणारा हा प्रोग्रॅम बहुतेक लिनक्स संगणकांवर असतो. त्याचा एक भाग तुकड्यांतील विशेष चिन्हांपूर्वी उलटी तिरपी रेघ घालत असे, आणि दुसरा भाग पुढे ती रेघ काढून टाकत असे. जुलै २०११ मध्ये झालेल्या एका बदलानंतर अशी वाट तयार झाली, की 'सुडोएडिट' या नावाने प्रोग्रॅम चालवून एक विशिष्ट सूचना दिली, तर पहिले काम होत नसे, दुसरे मात्र होई.

शब्द संपल्याची खूण म्हणून स्मृतीत त्याच्या शेवटी शून्य ठेवलेले असते. दुसरा भाग रेघ टाकून देई आणि पुढचे चिन्ह न तपासता उचली. तुकड्याचे शेवटचे चिन्हच तिरपी रेघ असेल, तर तो ही शून्याची खूण ओलांडून पुढे वाचत जाई आणि राखलेल्या जागेबाहेर लिही. याचा फायदा घेऊन कोणीही साधा वापरकर्ता पूर्ण अधिकार मिळवू शकत होता. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी हा दोष जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्याला साडेनऊ वर्षे झाली होती. तेव्हाच दुरुस्त आवृत्तीही निघाली.

येथे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वाचला तर बरोबरच वाटतो. चूक दोहोंच्या सांध्यात होती: 'दुसऱ्याने आपले काम केलेले असणारच' हे गृहीत धरण्यात. म्हणून तपासणाऱ्याने बदललेल्या ओळींवर थांबू नये. त्या ओळींवर विसंबून असणारा भागही उघडून वाचावा.

वर्गात करून पाहा: एक विद्यार्थी शेल, दुसरा प्रोग्रॅम. इतरांनी चिठ्ठ्यांवर आज्ञा लिहून द्याव्यात. शेलने तुकडे पाडावेत, प्रोग्रॅमने लेखी नियमांनुसारच त्यांचा अर्थ लावावा. नियम अपुरा पडेल अशी चिठ्ठी कोण शोधतो, ते पाहा.