प्रबंधातून सनदेपर्यंत

राज्यकर्त्यांकडून विद्वानाला सल्ल्यासाठी बोलावणे येते, तेव्हा दोन धोके संभवतात. त्याची विद्वत्ता केवळ दरबारी शोभेची ठरावी, किंवा राज्यकर्त्यांना रुचेल तेच त्याने सांगू लागावे. हे दोन्ही धोके टाळून जगाच्या व्यवहारावर आपल्या अभ्यासाचा ठसा उमटविणारी माणसे विरळाच. अमेरिकेतील कृष्णवर्णीय राज्यशास्त्रज्ञ डॉ. राल्फ बंच हे त्यांपैकी एक होत. इस्रायल आणि अरब राष्ट्रे यांच्यातील १९४९च्या युद्धविराम करारांबद्दल त्यांना १९५० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोमंतकीयांनी मात्र त्यांचे स्मरण आणखी एका कारणासाठी ठेवावयास हवे.

बंच हॉवर्ड विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत. १९३४ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंच कारभार. टोगोलँड हा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने फ्रान्सकडे विश्वस्त या नात्याने सोपविला होता. शेजारचे दाहोमे ही उघडउघड वसाहत होती. आंतरराष्ट्रीय देखरेखीने तेथील सामान्य माणसाच्या जीवनात काही अंतर पडते काय, हे बंच यांनी प्रत्यक्ष आफ्रिकेत जाऊन तपासले. अंतर फारच थोडे आढळले. विश्वस्ताला जाब विचारणारी व्यवस्था दुबळी असेल तर विश्वस्तपणा नावापुरताच उरतो, हा धडा त्या अभ्यासात होता.

१९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद आकारास येत असताना वसाहतींसंबंधीच्या प्रकरणांच्या घडणीत बंच यांचा मोठा वाटा होता. अकराव्या प्रकरणातील ७३व्या कलमाने परतंत्र प्रदेशांतील रहिवाशांचे हित सर्वश्रेष्ठ मानले आणि त्या प्रदेशांची माहिती नियमितपणे संयुक्त राष्ट्रांना देण्याचे बंधन राज्यकर्त्या देशांवर घातले.

पोर्तुगालने १९५१ साली घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले होते. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर, आपल्याकडे परतंत्र प्रदेशच नाहीत, असा पवित्रा त्याने घेतला. आमसभेने १५ डिसेंबर १९६० रोजी १५४२ क्रमांकाच्या ठरावाने तो फेटाळला आणि अकराव्या प्रकरणाखाली येणाऱ्या पोर्तुगीज प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव घातले.

या कलमाने गोवा मुक्त झाला, असे आम्ही म्हणणार नाही. ते श्रेय तुरुंगवास भोगणाऱ्या सत्याग्रहींचे, प्राणार्पण करणाऱ्या हुतात्म्यांचे आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी मोहीम फत्ते करणाऱ्या भारतीय सैन्याचे आहे. परंतु त्या वेळी सुरक्षा समितीत भारतावर आक्रमणाचा आरोप झाला, तेव्हा गोवा ही वसाहतच होती, हे जागतिक व्यासपीठावर आधीच नोंदले गेले होते. हे बळ लहान नव्हे.

सत्तेच्या जवळ जाऊनही बंच यांनी आपला कणा ताठ ठेवला. १९४९ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी परराष्ट्र खात्यात उच्चपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. वॉशिंग्टनमधील वर्णभेद आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ देण्यास ते तयार नव्हते. १९६५ साली सेल्मा येथील मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत ते चालले.

आज तज्ज्ञ समित्यांना तोटा नाही. त्यांत बसणाऱ्यांनी, आणि त्यांना बसविणाऱ्यांनीही, हा क्रम ध्यानी घ्यावा: आधी माणसांत जाऊन केलेला अभ्यास, मग सल्ला, आणि वेळ आलीच तर पद नाकारण्याची तयारी.